चालीचे मोल

मराठी भाषेत घोडे पुष्कळ आहेत. मराठी माणसाच्या दारात मात्र ते आता फारसे उरलेले नाहीत. आपले घोडे कुठे ना कुठे अडते, ते पेंड खाते, कधी एकदाचे गंगेत न्हाते. आपलेच घोडे दामटणारे लोक प्रत्येक बैठकीत भेटतात आणि वरातीमागून घोडे नाचवणाऱ्यांची तर गणतीच नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नको तेवढा मजकूर कोंबलेला दिसला की समासात आम्ही ‘खोगीरभरती’ असा शेरा लिहितो; पण खोगिरात नेमके काय भरतात, हे आम्हां दोघांपैकी कोणालाही कित्येक वर्षे सांगता आले नसते. आम्ही दोघे, पती-पत्नी, बुलढाणा जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी शिकवतो. घोडा हा आमच्यापुरता वाक्प्रचारांत आणि बखरींत राहणारा प्राणी होता. तो विकायचा कसा असतो हे पाहण्याचा योग २०१८ च्या डिसेंबरात आला. त्या व्यवहारात आम्ही जे केले, ते अजून मनातून जात नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्यापैकी एकाचे चुलते, ज्यांना आम्ही दोघेही तात्या म्हणत असू, घाटाच्या अगदी कडेवर असलेल्या एका खेड्यात राहत. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडे माणसाचा पत्ता विचारताना पहिला प्रश्न ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ असा असतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा दोन पातळ्यांत विभागला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. आज राजूर घाटातून मोटार अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरते. पण ज्या गावांना त्या रस्त्याचा लाभ नव्हता, त्यांच्यासाठी खाली उतरण्याची वाट म्हणजे सागाच्या आणि सालईच्या झाडांमधून जाणारी दगडगोट्यांची पायवाट होती. बैलगाडी त्या वाटेने जात नसे. जात असे ते तट्टू.

तात्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरात घोडी होती. शेवटची मैना. रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि आयाळ-शेपूट काळी. उंचीने बेताची, छातीने रुंद, खुरांनी टणक. तिचा जन्म तात्यांच्याच गोठ्यात, २००२ सालचा. आठवड्याच्या बाजाराला, नातेवाइकांच्या लग्नकार्याला, दुखणे आले तर दवाखान्याच्या गावापर्यंत तात्या तिच्यावरून जात. पुढे गावाला डांबरी सडक आली, पुतण्यांनी मोटारसायकली घेतल्या. तात्यांचे गुडघे धरले. मैना दारात उभी राहून कडबा खाऊ लागली.

ती उभी राहिली हे पाहून अडचण नव्हती. खात होती ही अडचण होती. त्या वर्षी पाऊस लवकर गेला. ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमच्या जिल्ह्यातले तालुकेही होते. दिवाळीनंतर कडब्याचे भाव चढू लागले. दावणीला दोन बैल, एक म्हैस आणि घोडी. बैल पेरणीला लागणार, म्हैस दूध देणार. हिशेब कोणालाही कळण्यासारखा होता. तात्यांनी तो कोणी बोलून दाखवण्याआधी स्वतःच केला. “दत्तजयंतीले सारंगखेड्याले नेऊ,” ते म्हणाले, “तुम्ही दोघं चला संग. शिकेल माणसं संग असली का कोणी फसवत नाही.”

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे. तेथील एकमुखी दत्ताच्या यात्रेत मार्गशीर्ष पौर्णिमेपासून घोड्यांचा बाजार भरतो. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश येथून व्यापारी येतात. अलीकडे पर्यटनाच्या हेतूने ‘चेतक महोत्सव’ हे नाव त्याला मिळाले आहे. आमच्या गावापासून ते अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब पडते. मैनेला भाड्याच्या पिकअपमध्ये चढवले, खाली उसाचे पाचट अंथरले, आणि मलकापूर, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा असा प्रवास करून आम्ही पहाटे तापीच्या पुलावर पोचलो. तात्या सारा वेळ मागे तिच्याजवळ बसून होते. आम्ही आमच्या मोटारीत होतो.

वाटेत चहाला थांबलो असताना आम्ही विचारले होते, “तात्या, हिची किंमत कशावर ठरेल?” ते म्हणाले, “रंगावर, भोवऱ्यांवर, दातांवर. अन् घेणारा शहाणा असला तर चालीवर.”

या चालीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळे प्रकरण तिच्याभोवतीच फिरले. सामान्य घोडा दुडक्या चालीने जातो तेव्हा त्याचा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग उरलेली जोडी. मधल्या क्षणी चारही पाय जमिनीवरून सुटतात आणि त्या उसळीने बसणाऱ्याचे कंबरडे खिळखिळे होते. काही घोड्यांत मात्र एकाच बाजूचे पाय एकामागून एक पडतात, मग दुसऱ्या बाजूचे. कोणता ना कोणता पाय नेहमी जमिनीला टेकलेला असतो, आणि टापांचे चार ठोके वेगवेगळे, सारख्या अंतराने ऐकू येतात. वेग दुडकीचा, पण पाठ हलत नाही. या चालीला रेवाळ किंवा रवाळ म्हणतात. फारसीत ‘रहवार’ म्हणजे वाट नीट चालणारा. ‘रहवाल’ हे त्याचेच रूप, आणि आपला शब्द त्याच कुळातला आहे. स्वार हातात पाण्याने भरलेला पेला धरतो आणि तो सांडत नाही, हे तिचे परंपरेने चालत आलेले परीक्षण.

काही घोड्यांना ही चाल एका बाजूचे पाय दोराने जोडून शिकवतात. काही ती घेऊनच जन्मतात. २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने एक निबंध प्रसिद्ध झाला. एका जनुकातील अगदी लहानशा बदलामुळे मज्जारज्जूतील पायांचा मेळ घालणारी यंत्रणा वेगळी घडते आणि घोड्याला अशा चाली साधतात, असे त्यात दाखवले आहे. डोंगराळ मुलखातल्या माणसांनी अशी जनावरे जगभर जपली. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगरांत शेतकऱ्यांनी सांभाळलेल्या अशाच घोड्यांची नोंदवही ठेवण्यासाठी १९८६ मध्ये संघटना निघाली. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजा ज्या ठेंगण्या, काटक दख्खनी तट्टांवर वाढल्या, त्यांतील भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळायला २०२३-२४ साल उजाडावे लागले. मैना भीमथडी होती असा आमचा दावा नाही. ती कोणत्या जातीची, हे तात्यांना कोणी विचारले तर ते ‘घाटाची’ एवढेच सांगत.

बाजारात शिरलो आणि आम्ही कानांनी आधी जागे झालो. नुकरा, अबलख, मुश्की, कुमैत, पंचकल्याण असे शब्द चारी बाजूंनी उठत होते. नुकरा म्हणजे अरबीत चांदी. अबलख आणि कुमैतही तिकडचेच. घोडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने त्यांच्या रंगांची नावे आली, आणि हे फार जुने आहे: बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या ‘अभिधानचिंतामणि’ कोशात घोड्यांच्या रंगांचे जे शब्द नोंदवले, त्यांतले ‘सेराह’, ‘खोंगाह’ यांसारखे शब्द ऐकताच परके वाटतात. गळ्यावरचा ‘देवमण’ नावाचा भोवरा शुभ, अमुक ठिकाणचा अशुभ, यावर दोन माणसे हमरीतुमरीवर आलेली आम्ही पाहिली. संस्कृत कोशांत घोड्यांच्या व्यापाऱ्याला ‘हेडावुक्क’ म्हटले आहे. लीळाचरित्राच्या एकांकात चक्रधरस्वामींच्या आंध्रातील भ्रमंतीत जे घोड्यांचे व्यापारी येतात, ते ‘हेडाऊ’. ज्या मेहकर-लोणारला स्वामी येऊन गेले, ती गावे आमच्याच जिल्ह्यातली. हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे वर्गात ‘दलाल’ असा अर्थ सांगून पुढे ढकलत आलो होतो. जनावरांच्या बाजारात काही भागांत आजही ‘हेडे’ म्हणतात. तात्यांनी एका माणसाकडे बोट दाखवून “तो पाहा हेडा” म्हटले, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीचा शब्द लाल फेटा बांधून विडी ओढताना आम्हांला प्रत्यक्ष दिसला. आम्ही हरखलो. खिशातून वही काढून टिपणे घेऊ लागलो. तात्या मैनेला खरारा करत होते.

त्या हेड्यामार्फत दुपारी गिऱ्हाईक आले. लग्नाच्या वरातींसाठी घोडे भाड्याने देणारा, तिशीतला, चटपटीत तरुण. त्याने रंग पाहिला, भोवरे पाहिले, पाय उचलून खूर पाहिले. मग मैनेचा ओठ वर केला.

घोड्याच्या तोंडात त्याचे वय असते. दुधाचे पुढचे दात अडीचाव्या वर्षापासून जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. नंतर खालच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खळगे झिजत झिजत आठव्या वर्षाच्या आसपास नाहीसे होतात. पुढचा हिशेब वरच्या कोपऱ्याच्या दातावरून करतात: दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी रेघ उगवते, पंधराव्याला ती निम्म्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला टोकाला पोचते. बनेल व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, डाग देऊन खोटे खळगे करतात, ते या रेघेवरून उघडे पडतात. ही माहिती आम्हांला नंतर कळली. त्या तरुणाला दात थोडे कळत होते, पण पुरते नाही. “दहाची आहे, फार तर अकरा,” हेडा म्हणाला. तात्यांना त्याने आधीच बजावून ठेवले होते, वयाचे तुम्ही बोलू नका, ते मी पाहतो.

तरुण घुटमळला. मग त्याचे लक्ष आमच्याकडे गेले: चष्मे, वही, पेन. “सर, मॅडम, तुम्ही प्राध्यापक माणसं. तुम्ही सांगा. दहाचीच आहे ना?”

मैना सोळा वर्षांची होती. ती जन्मली त्या वर्षी आमचे लग्न झाले होते. आम्हांला तिचे वय चुकणे शक्यच नव्हते. आमच्यापैकी एकाने तात्यांकडे पाहिले. तात्या मैनेच्या मानेवर हात ठेवून तापीच्या पात्राकडे बघत होते. आम्हांला कडबा आठवला, बैल आठवले. आम्ही म्हणालो, “आम्हांला जनावरांतले फारसे कळत नाही हो.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. व्याकरण शुद्ध, आशय विनम्र. वाक्य खरे असूनही बोलणे खोटे असू शकते, हे आम्ही शैलीविचाराच्या तासाला उदाहरणे देऊन शिकवतो. त्या दुपारी आमच्या त्या वाक्याची किंमत काही हजार रुपये होती आणि ती कोणाच्या खिशातून जाणार हेही समोर दिसत होते.

तरुण समाधान पावला. हेड्याने आपल्या खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली बोटांचे बोलणे सुरू झाले. धरलेल्या एका बोटाचा अर्थ एक, दहा, शंभर की हजार, हे ज्या त्या सौद्यात दोघांना ठाऊक असते. आजूबाजूच्यांना फक्त चेहरे दिसतात. हेडा एकदा तात्यांच्या बोटांशी, एकदा तरुणाच्या बोटांशी बोलत होता. अडतीस हजारांवर सौदा आला. पंचा निघाला. तरुणाने विसारासाठी पाकीट काढले आणि म्हणाला, “एकदा बसून पाहतो.”

तो बसला. मैना निघाली. चार ठोके, सारखे, वाळूत दबून येणारे. तो तिच्यावर एखाद्या बैठकीत बसावा तसा स्थिर होता आणि खालून जमीन सरकत होती. तो परतला तेव्हा नाराज होता. “ही उसळतच नाही,” तो म्हणाला. “वरातीत घोडी थिरकली पाहिजे, बॅन्डवर पाय आपटले पाहिजेत. ही चाल मोडावी लागेल. पण मोडेल. दहाचीच तर आहे.”

तेव्हा तात्या बोलले. “थांबा. घोडी सोळाची हाय. माह्याच घरी जलमली.”

हेड्याने कपाळावर हात मारला. तरुणाने पाकीट मिटले आणि आमच्याकडे एकदा पाहून घेतले. त्याच्या नजरेत राग नव्हता; वर्गात चुकीचे उत्तर दिलेल्या विद्यार्थ्याकडे आम्ही पाहतो, तसे काहीसे होते. तो गेल्यावर हेडा तात्यांवर खेकसला, झाला सौदा मोडता कशाला? तात्या शांतपणे म्हणाले, “तिच्या दातावर लिहेल हाय ते. मी तोंडानं कायले खोटं बोलू?”

आम्हांला ते काही म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तात्या इतका वेळ गप्प राहिले होते, हेही नोंदवले पाहिजे. त्यांना साधुपुरुष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. हेड्याने सांगितलेले खोटे वय त्यांनी ऐकून घेतले होते; कडब्याचा हिशेब त्यांच्याही डोक्यात होता. चाल मोडण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यांचा तोल बदलला. वयाचे खोटे त्यांनी कदाचित पचवले असते. पण सोळा वर्षांच्या घोडीला दहाची समजून कोणी दोन खुंटांमध्ये बांधणार, ढोलावर पाय आपटायला लावणार आणि तिचे सांधे त्यात जाणार, हे त्यांना दिसले. खोटे कोणाला भोवणार हे कळले, तेव्हा खरे बोलणे त्यांना भाग पडले. आम्हांला ते कळत असूनही भाग पडले नाही, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक. आणि तो लहान नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपुड्यातल्या अक्राणीकडचा एक म्हातारा शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आला. त्याच्या पाड्यापर्यंत गाडी पोचत नव्हती. आधीची घोडी म्हातारी होऊन मेली होती. त्याने मैनेचा ओठ उचलला नाही. तात्यांनी वय सांगितले, त्याने मान हलवली. तो बसला, पात्राच्या कडेपर्यंत जाऊन आला. येताना त्याने डोळे मिटले होते. उतरल्यावर मुलाच्या तोंडून त्याने एकच प्रश्न विचारला: “उतारावर कशी आहे?”

बाजारात दोन दिवसांत हजारो प्रश्न आम्ही ऐकले होते. डोंगरात राहणाऱ्या माणसाचा प्रश्न हा एकच. तात्यांचा चेहरा उजळला. “लगाम सैल सोडा अन् तिले पाहू द्या,” ते म्हणाले. “ती वाट पाहूनच पाय टाकते.”

पंचा पुन्हा पडला. एकवीस हजार. तात्यांनी खोगीर मोफत दिले. कांबळ्याचे जुने तुकडे आणि लोकर भरलेले ते खोगीर त्या वेळी आम्ही प्रथमच हातात घेतले. त्यात भरलेले काहीही निरर्थक नव्हते. त्या भरतीवरच घोडीची पाठ शाबूत राहिली होती. म्हातारा मैनेला घेऊन शहाद्याच्या रस्त्याने पायी निघाला, तिच्यावर बसला नाही. सातपुड्याची निळी रेघ उत्तरेला दिसत होती. टापांचा आवाज गर्दीत विरेपर्यंत तात्या उभे होते.

सतरा हजारांची तूट उन्हाळ्यात भरून काढावी लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये तात्यांनी एक बैल विकला, आणि त्या वर्षीची पेरणी शेजाऱ्याशी सावड करून झाली. खरे बोलण्याची किंमत त्यांनी दिली, आम्ही नाही. आम्ही काही रक्कम देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही, आणि आम्हीही फार आग्रह धरला नाही. तात्या २०२२ मध्ये गेले.

सारंगखेड्याची ही हकीकत आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. लीळाचरित्र शिकवताना ‘हेडाऊ’ आला की विद्यार्थ्यांना लाल फेटा दाखवतो, रेवाळ चालीचे चार ठोके बाकावर बोटांनी वाजवून दाखवतो, पंचाखालचा सौदा सांगतो. मुले रंगून ऐकतात. शब्दांना अनुभवाचा आधार मिळाल्यामुळे आमचे शिकवणे पूर्वीपेक्षा सुधारले आहे, असे सहकारीही म्हणतात. तात्यांचे दातावर लिहिलेल्याचे वाक्य सांगताना आमचा आवाज दर वेळी जरा खोल जातो.

पण त्या तरुणाने आम्हांला विचारलेला प्रश्न आणि आमचे उत्तर आजवर दर वेळी आम्ही गाळत आलो. कोणी ठरवले नव्हते. दोघांपैकी जो सांगत असेल तो आपोआप गाळत असे आणि दुसरा गप्प बसत असे. मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, तो माणूस वय विचारत होता तेव्हा तुम्ही तिथंच होतात ना?” आम्ही ‘होतो’ म्हणालो आणि हजेरीपट उचलला. पुढच्या तासाला तिला हा लेख वाचायला देणार आहोत.